गडद राखाडी शेड एका ब्रँडची, डबा दुसऱ्या ब्रँडचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढऱ्याच्या खालोखाल सर्वात जास्त प्रश्न येतात ते गडद राखाडीबद्दल. कोळशासारखा, ओल्या पाटीसारखा, शिशासारखा, कुणी काहीही म्हणो, मागणी एकच: ‘शेड या कंपनीची आवडली, पण रंग त्या कंपनीचा घ्यायचाय, जुळेल का?’ पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एक गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका कंपनीच्या कार्डवरची गडद राखाडी दुसऱ्या कंपनीच्या रंगात बनवून मिळते का?

मिळते. बहुतेक वेळा इतकी जवळची मिळते की पूर्ण खोली रंगवल्यावर पाहुण्यांना सोडाच, तुम्हालाही फरक सांगता येणार नाही. अडचण येते ती जुना आणि नवा रंग एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आले की. म्हणून पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: सगळं नव्यानं रंगवायचंय, की आधीच्या रंगाला नवा रंग नेऊन भिडवायचाय? सगळं नव्यानं असेल तर खालचे निम्मे प्रश्न तुमच्यासाठी नाहीत, निवांत राहा. भिडवायचं असेल तर प्रश्न ७ आणि १५ आधी वाचा.

२. दोन्ही कार्डांवर नाव ‘चारकोल’च आहे. मग रंग एकच ना?

नाही. शेडची नावं ठेवणारा विभाग वेगळा, रंग बनवणारा वेगळा. एकाच कंपनीत पाहा: शेर्विन-विल्यम्सच्या ‘आयर्न ओर’, ‘अर्बेन ब्राँझ’ आणि ‘पेपरकॉर्न’ या तिन्ही शेडना लोक सर्रास चारकोल म्हणतात. पहिली जवळजवळ काळी, दुसरी उघड तपकिरी झाक असलेली, तिसरी त्या मानाने मोकळी राखाडी. फॅरो अँड बॉलची ‘रेलिंग्ज’ कुणाला राखाडी वाटते, कुणाला काळी, आणि तिची निळी झाक दिवसा लपत नाही. नाव हा फक्त कप्पा. त्या कप्प्यात काय आहे ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

३. फिके रंग सहज जुळतात, मग गडद राखाडीच का छळते?

याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण आपला डोळा. लालभडक भिंत जराशी नारिंगीकडे झुकली तर लक्षात येत नाही. पण राखाडीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे तीत थेंबभर निळा, हिरवा किंवा जांभळा शिरला की डोळा लगेच पकडतो. रंगातला फरक मोजण्याच्या सूत्रांनाही हे उशिरा उमगलं. १९७६ च्या सूत्रात ही जाण कमी होती. नंतर आलेल्या सीआयईडीई २००० या सूत्रात राखाडीजवळच्या रंगांसाठी वेगळी दुरुस्ती घालावी लागली.

दुसरं कारण उजेडाचं गणित. एलआरव्ही म्हणजे भिंत किती टक्के प्रकाश परत पाठवते तो आकडा, ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. ६० एलआरव्हीची भिंत ६४ झाली तर डोळ्याच्या मोजपट्टीवर, म्हणजे ज्याला एल म्हणतात त्या आकड्यात, फक्त २ घरांचा फरक पडतो. तोच ४ चा फरक ६ वरून १० असा पडला तर एल २९ वरून जवळपास ३८ वर जातो. कार्डावर आकडे शेजारी शेजारी दिसतात, भिंतीवर मात्र दोन वेगळे रंग उभे राहतात.

तिसरं कारण डब्यातलं. गडद शेड बनते ती ‘डीप’ किंवा ‘क्लिअर’ बेसमध्ये. बेस म्हणजे रंगद्रव्य मिसळण्याआधीचा डब्यातला रंग. अशा बेसमध्ये पांढरं टिटॅनियम डायऑक्साइड अगदी कमी असतं किंवा नसतंच. फिक्या शेडमध्ये बेसमधल्या पांढऱ्याचा ढीग छोट्या चुका गिळून टाकतो. इथे झाकायला तो ढीगच नाही. काळा आणि पिवळा ऑक्साइड यांचं प्रमाण किंचित हललं की झाक बदलते.

आणि काळा म्हणजे तरी एकच काळा कुठे? काजळीसारखा जाड कणांचा लॅम्प ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की राखाडी निळसर होते. बारीक कणांच्या कार्बन ब्लॅकची तीच राखाडी तपकिरीकडे झुकते. दोन कंपन्यांच्या रंग मिसळणाऱ्या मशीनमध्ये ‘काळा’ नावाच्या नळीत वेगवेगळा माल असू शकतो.

४. दोन्ही शेडचा एलआरव्ही १० आहे. पुरेसं नाही का?

एलआरव्ही फक्त उजेड सांगतो, झाक सांगत नाही. १० एलआरव्हीची निळसर राखाडी असते तशी तपकिरी राखाडीही असते, हिरवी शेवाळीसुद्धा असते. दोन शेड नक्की वेगळ्या आहेत हे ओळखायला हा आकडा कामाचा, त्या सारख्या आहेत हे ठरवायला निरुपयोगी.

५. माझ्याकडे जुन्या डब्यावरचा फॉर्म्युला आहे. तोच दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर टाकला तर?

रंग भलताच येईल. फॉर्म्युला म्हणजे ‘या बेसमध्ये या नळ्यांमधून इतकं इतकं’ एवढाच हिशेब. बेस बदलला, नळ्यांमधला कलरंट, म्हणजे बेसमध्ये मिसळायचं दाट रंगद्रव्य, बदलला, कलरंटची ताकद बदलली की हिशेब कोसळतो. दोन आचाऱ्यांचा ‘एक चमचा’ वेगळा असतो तसंच.

तरीही ते लेबल फेकू नका. त्यावरून कोणता बेस वापरला, कोणकोणते कलरंट होते आणि कोणता जास्त होता हे कळतं. झाक कुठून आली याचा तो पुरावा आहे. उदाहरणार्थ, काळ्यानंतर सर्वात मोठा आकडा कच्च्या अंबरचा (तपकिरी मातीच्या रंगद्रव्याचा) असेल, तर तुमची राखाडी मुळात तपकिरीच्या कुळातली आहे. टिंट करणाऱ्याला, म्हणजे दुकानात रंग मिसळून देणाऱ्याला, हे सांगितलंत तर तो योग्य दिशेनं सुरुवात करेल.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकारच्या रंगातही, म्हणजे आतला मॅट आणि बाहेरचा सॅटिन यांत, फॉर्म्युला वेगळा असतो. तिथे शेडचा कोड सांगावा, फॉर्म्युला नाही.

६. दुकानातल्या संगणकात दुसऱ्या कंपनीचा कोड सापडतो. मग तो जुळलेलाच असणार?

जुळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न झालेला असतो, एवढं म्हणता येईल. कुणीतरी कधीतरी त्या दुसऱ्या कंपनीचं कार्ड रंग मोजणाऱ्या मशीनखाली (प्रश्न ७) ठेवून आपल्या बेसमध्ये फॉर्म्युला बसवला आणि तो साठवून ठेवला. ते कार्ड नवं होतं की उन्हात पडलेलं, कुठल्या चकाकीचं होतं, नंतर त्या कंपनीनं शेड थोडी बदलली का, हे त्या नोंदीत दिसत नाही. पूर्ण खोलीसाठी हा मार्ग ठीक आहे. जुन्या रंगाला भिडवायचं असेल तर या नोंदीवर विसंबू नका, नमुना न्या.

७. मशीनवर मोजायला नमुना कसा न्यावा?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. कोड नेऊ नका, फोटो नेऊ नका, वाळलेल्या रंगाचा तुकडा न्या.

स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे नमुन्यावर प्रकाश टाकून प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश परत येतो ते मोजणारं यंत्र. गडद नमुन्यावरून परतणारा प्रकाश आधीच तुटपुंजा, त्यामुळे धूळ, तेलकट बोट, ओरखडा यांचा वाटा मोठा होतो. नमुना सपाट हवा आणि यंत्राच्या भोकापेक्षा मोठा हवा. मोठ्या नाण्याएवढा म्हणजे किमान, तळहाताएवढा असेल तर फारच छान. भिंतीवरून काढायचा असेल तर स्विचच्या पट्टीमागचा किंवा कपाटाआडचा भाग शोधा, धारदार पात्यानं चौकोन आखा आणि खालच्या कागदी थरासकट सोलून काढा. मागची पुट्टी दिसली तरी चालेल, पुढचा पृष्ठभाग तुटता कामा नये. दाराचं एखादं सुटं झाकण, खणाची पुढची फळी, असं काही निघत असेल तर तेच न्या.

न्यायच्या आधी ओल्या मऊ फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा. जोरात घासू नका. गडद मॅट रंग घासला की तिथे चकाकी येते आणि यंत्र तीही मोजतं. काउंटरवर एकाच जागी नाही, तीन-चार जागी मोजायला सांगा आणि मापं एकमेकांशी जुळतात का ते विचारा. प्लास्टिकच्या पिशवीतून मोजू देऊ नका. हसू नका, मी स्वतः एकदा पारदर्शक चिकटपट्टी लावलेला नमुना तसाच मोजायला दिला होता. नवा रंग जुन्यापेक्षा फिका आला आणि दोष अर्धा दिवस मशीनला देत बसलो.

खरबरीत किंवा टेक्श्चर असलेला नमुना यंत्राला नीट वाचता येत नाही, कारण खळग्यांतल्या सावल्याही मोजल्या जातात. तिथे शेवटचा निर्णय डोळ्यावरच (प्रश्न १८).

८. फोटोवरून किंवा हेक्स कोडवरून जुळवता येईल?

फोटोवरून अजिबात नाही. समोर गडद भिंत आली की कॅमेरा तिला उजळ करू पाहतो आणि पांढऱ्याचा तोल आपल्या मनानं ठरवतो. त्यामुळे एकाच भिंतीचे दोन फोटो दोन वेगळ्या राखाड्या दाखवतात. हेक्स कोड, म्हणजे संगणकाला रंग सांगणारा अंक-अक्षरांचा कोड, पडद्यासाठी असतो, डब्यासाठी नाही. राल ७०१६ या एकाच प्रमाण रंगाचे (प्रश्न १३) इंटरनेटवर किती वेगवेगळे हेक्स कोड फिरताहेत ते शोधून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

भिंतीला टेकवून स्वतःचा प्रकाश टाकणारी छोटी उपकरणं मिळतात. ती फोटोपेक्षा खूप बरी. कोणत्या दोन-तीन शेड मागवून पाहायच्या हे ठरवायला त्यांचा उपयोग होतो. गडद रंगात मात्र त्यांनी सुचवलेल्या पहिल्या नावावर थेट दहा लिटर विकत घेऊ नका.

९. ‘डेल्टा ई ०.८’ असं सांगितलं. हे चांगलं की वाईट?

चांगलं. डेल्टा ई म्हणजे दोन रंगांमधलं अंतर. ढोबळ मानानं १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्याला नमुने एकमेकांना टेकवले तरच दिसतो, २-३ चा बहुतेकांना शेजारी ठेवल्यावर दिसतो. पण दोन गोष्टी विचारा. हा आकडा खऱ्या वाळलेल्या रंगावर मोजला आहे, की संगणकानं फॉर्म्युला सुचवताना वर्तवलेला अंदाज आहे? बहुधा तो अंदाजच असतो. आणि तो कोणत्या प्रकाशासाठी आहे? (प्रश्न १०)

शिवाय फरक कोणत्या दिशेचा आहे याला महत्त्व आहे. १.५ चा फरक निव्वळ उजेड-अंधाराचा असेल तर सावली समजून डोळा माफ करतो. तोच फरक हिरव्याच्या दिशेला असेल तर भिंत आजारी दिसते.

१०. दुकानात तंतोतंत जुळला, घरी रात्री पाहिला तर दोन वेगळे रंग! फसवलं का?

कुणी फसवलं नाही. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले तर एका प्रकाशात ते सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात. ब्रँड बदलला की रंगद्रव्यं बदलण्याची शक्यता असतेच, म्हणून हा त्रास ब्रँड बदलणाऱ्यांच्या वाट्याला जास्त येतो. एकीनं राखाडी काळा अधिक अंबर यांपासून बनवलेली असते, दुसरीनं काळा, निळा आणि लाल ऑक्साइड यांपासून. दिवसाच्या उजेडात सख्ख्या बहिणी, पिवळ्या दिव्याखाली ओळख नाही.

यावर उपाय आहे. टिंट करणाऱ्याला सांगा की फॉर्म्युला एकाच प्रकाशासाठी नको. दिवसाचा प्रमाण प्रकाश डी६५ आणि पिवळ्या बल्बचा प्रमाण प्रकाश ए, या दोन्हींमध्ये फरक कमी असलेला पर्याय निवड. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकापेक्षा जास्त फॉर्म्युले दिसतात आणि माणूस सवयीनं पहिला निवडतो. दुसरं, शक्य असेल तर मूळ डब्यात होते त्याच प्रकारचे कलरंट वापरायला सांगा. जुन्या लेबलचा खरा उपयोग इथे होतो (प्रश्न ५). तिसरं, नमुना घरी आणून खिडकीत, संध्याकाळी आणि दिव्याखाली असा तिन्ही वेळा पाहिल्याशिवाय मोठा डबा घेऊ नका.

११. शेड जुळली आहे, पण नवा रंग जास्त काळा दिसतो. का?

चकाकी तपासा. कोणत्याही रंगाच्या पृष्ठभागावरून, प्रकाश रंगात शिरण्याआधीच, सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. मॅट रंगात हा प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यातला काही तुमच्या डोळ्यात येतो आणि रंगावर हलकं धुकं पसरतं. सॅटिन किंवा ग्लॉसमध्ये तो एकाच दिशेला निघून जातो, म्हणून बाकी कोनांतून रंग खोल आणि काळा दिसतो. फिक्या भिंतीवर ४ टक्के कुठल्या कुठे हरवतात. जी भिंत सगळा मिळून ६ ते १० टक्केच प्रकाश परत पाठवते, तिच्यावर ते ४ टक्के म्हणजे अर्धा कारभार.

‘एगशेल’, ‘सॅटिन’, ‘सॉफ्ट शीन’ या नावांमागे सगळ्या कंपन्यांचा एकच आकडा नसतो. एकाची सॅटिन दुसऱ्याच्या सेमी-ग्लॉसएवढी चमकू शकते. माहितीपत्रकात ६० अंशांवरचा चकाकीचा आकडा दिलेला असतो, तुलना त्याची करा. तो जुळत नसेल तर शेड कितीही अचूक असो, तिरक्या प्रकाशात पॅच दिसणारच.

१२. डबा उघडला तर रंग फिका, दुधाळ दिसतोय. चुकीचा बनवलाय का?

बहुधा नाही. पाण्यावर आधारित रंगातले बाइंडरचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट घटकाचे, थेंब ओले असताना प्रकाश विखुरतात, म्हणून दुधासारखी साय दिसते. वाळल्यावर ते एकजीव होऊन पारदर्शक होतात आणि रंग गडद होतो. डीप बेसमध्ये हा बदल जास्त जाणवतो. म्हणून डब्यातल्या ओल्या रंगाची वाळलेल्या भिंतीशी तुलना करू नका. झाकणावर ठिपका लावून ड्रायरनं वाळवला तर अंदाज येतो, पण शेवटचा निर्णय दोन हात देऊन रात्रभर वाळवलेल्या तुकड्यावरच घ्या. चुन्याच्या रंगात सगळं उलटं होतं (प्रश्न १९).

१३. खिडक्यांच्या चौकटी राल ७०१६ आहेत. भिंतीला राल ७०१६ मागितला की काम झालं ना?

राल आणि एनसीएस ही कुठल्याही एका रंग कंपनीची कार्डं नाहीत, प्रमाण पद्धती आहेत. त्यामुळे कोडची भाषा सगळीकडे चालते. रालची सुरुवात १९२७ मध्ये जर्मनीत ४० रंगांपासून झाली. चार आकड्यांतला पहिला ७ असेल तर तो राखाडीचा गट: ७०१६ अँथ्रसाइट, ७०२४ ग्रॅफाइट. स्वीडनच्या एनसीएसमध्ये तर कोडच रंगाचं वर्णन करतो. ७५००-एन म्हणजे ७५ टक्के काळेपणा, रंगीतपणा शून्य, निव्वळ राखाडी.

पण प्रमाण पद्धत म्हणजे लक्ष्य, आणि प्रत्येक जण त्या लक्ष्यापासून थोड्या अंतरावर उतरतो. चौकट पावडर कोटिंगची असते, बहुतेकदा बारीक खरबरीत पोताची. भिंतीचा रंग इमल्शन. पावडर बनवणारे दोन कारखाने एकाच ७०१६ चे दोन किंचित वेगळे रंग काढतात. म्हणून चौकटीच्या उरलेल्या पट्टीचा तुकडा मिळवा आणि त्यावरूनच जुळवा. माझं मत विचाराल तर भिंत चौकटीशी जुळवण्याचा हट्टच धरू नका. एकतर स्पष्ट फिकी करा किंवा स्पष्ट गडद. थोडक्यात हुकलेली जुळणी मुद्दाम ठेवलेल्या फरकापेक्षा वाईट दिसते.

१४. राखाडी निवडली, भिंत निळी दिसते. कार्ड भिंतीला लावलं तर कार्ड बरोबर. हे काय गौडबंगाल?

कार्ड आणि भिंत जुळताहेत म्हणजे रंग बरोबर बनला आहे, बदललं ते भोवतालचं जग. थेट ऊन न येणाऱ्या खोलीत आकाशाचा निळा उजेड येतो आणि राखाडी तो आरशासारखा दाखवते. शेजारी लाकडी जमीन किंवा पिवळट पांढरा असेल तर डोळा विरोधी रंग भरतो आणि राखाडी आणखी निळी वाटते.

हे कोडं जुनं आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल गोब्लँच्या गालिचा कारखान्यात रंगाईचं काम पाहायचे. काळ्या सुताचा काळेपणा कमी पडतो अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या. त्यांनी तपासलं तर सूत उत्तम होतं, गालिच्यात त्याच्या शेजारी गुंफलेले रंग त्याला फिकं पाडत होते. १८३९ मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं. तात्पर्य, ब्रँड बदलून हा प्रश्न सुटत नाही. निळी दिसते म्हणून तक्रार असेल तर तपकिरी झाकेची शेड निवडा. झाक ओळखायला कार्ड एकटं पाहू नका, शुद्ध काळ्या आणि शुद्ध राखाडी कागदाला टेकवून पाहा, लपलेला रंग लगेच बाहेर येतो.

१५. जुन्या भिंतीवर ओरखडे आलेत. दुसऱ्या कंपनीच्या जुळवलेल्या रंगानं टचअप करू का?

गडद राखाडीत करू नका. त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगानं केलेला टचअपही दिसतो, मग दुसऱ्या ब्रँडचं काय! जुना भाग घासला गेलेला, धुतलेला, उन्हानं उतरलेला असतो. रोलरनं आलेला पोत ब्रशच्या डागापेक्षा वेगळा असतो.

त्यापेक्षा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवा. भिंत कोपऱ्यात वळते तिथे प्रकाशच बदलतो, म्हणून डोळ्याला तिथे फरक अपेक्षित असतो. थोडी हुकलेली जुळणीही तिथे खपून जाते. बाहेरच्या बाजूला पाइप, पट्टी, सांधा, मजल्याची रेघ अशी कोणतीही नैसर्गिक सीमा चालेल. दाराच्या फळीवर डाग असेल तर फक्त ती फळी पूर्ण करा.

१६. छोटा सॅम्पल डबा जुळला, मोठे डबे वेगळे आले. कसं काय?

मशीनच्या सर्वात लहान थेंबाला मर्यादा असते. पाव लिटरमध्ये एक थेंब कमी-जास्त झाला तर दहा लिटरच्या मानानं तो फरक ४० पट. म्हणून छोट्या डब्यात फॉर्म्युला गोल आकड्यांना ढकलला जातो. बऱ्याच ठिकाणी सॅम्पलचा बेस आणि चकाकीही खऱ्या रंगापेक्षा वेगळी असते. जुळणी महत्त्वाची असेल तर ज्या प्रकारचा रंग लावणार त्याचाच सर्वात लहान पूर्ण डबा बनवून घ्या.

आणि मोठे डबे कितीही काळजीनं बनवलेले असोत, सगळे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळा आणि मग वापरा. एक भिंत दोन डब्यांमध्ये अर्धी सोडू नका.

१७. तीच शेड, पण अर्ध्या ताकदीची हवी. कलरंट निम्मा टाकायला सांगू?

हा सापळा आहे. फिक्या बेसमध्ये कलरंट निम्मा केला की रंग फिका होतो, कारण पांढरं तिथे आहेच. क्लिअर बेसमध्ये पांढरं नाही. कलरंट निम्मा केला की रंग फिका होत नाही, पातळ होतो, भिंत आरपार दिसू लागते आणि चार हात दिले तरी पट्टे जात नाहीत. फिकी आवृत्ती हवी असेल तर तिचा स्वतंत्र तुकडा निवडून दुसऱ्या बेसमध्ये नव्यानं जुळवा.

उलट्या दिशेलाही मर्यादा आहे. ‘अजून थोडा काळा टाका’ असं म्हणत राहिलात तर बेसची कलरंट पेलण्याची कमाल पातळी ओलांडली जाते. रंग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि ओल्या फडक्यानं पुसल्यावर काळं उतरतं.

१८. जुळला की नाही हे घरी नक्की कसं तपासायचं?

जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर नवा रंग, तोच रोलर वापरून, दोन हात. कडेपर्यंत रंगवा, पांढरी चौकट सोडू नका, नाहीतर राखाडी उगाच गडद भासते. खाली पांढरं झिरपून दिसत असेल तर तिसरा हात द्या. पूर्ण झाकल्याशिवाय दिसतो तो रंग तुमचा नाही, रंग अधिक पुठ्ठा आहे. म्हणूनच भिंतीवरही आधी राखाडी टिंट केलेला प्रायमर मारावा.

वाळल्यावर पुठ्ठा जुन्या रंगाला अगदी टेकवा, मधे फट नको. समोरून, डावीकडून, उजवीकडून पाहा. समोरून जुळतो आणि तिरका पाहिला की वेगळा दिसतो, म्हणजे दोष चकाकीत (प्रश्न ११). दिवसा जुळतो, रात्री नाही, म्हणजे मेटामेरिझम (प्रश्न १०). सगळीकडून एकाच दिशेनं चुकतो, म्हणजे शेडच चुकली. त्याच पुठ्ठ्यासकट परत जा आणि ‘फिका आहे’ एवढंच न सांगता ‘निळा जास्त आहे’, ‘लाल कमी आहे’ असं सांगा.

१९. बाहेरच्या भिंतीसाठी वेगळं काही? आणि चुन्याच्या किंवा खनिज रंगांचं काय?

बाहेर तीन गोष्टी. कार्बन ब्लॅक आणि लोह ऑक्साइड उन्हात टिकतात. काही सेंद्रिय जांभळे आणि लाल लवकर उतरतात आणि मग राखाडी हिरवट-पिवळट होत जाते. म्हणून बाहेरच्यासाठी फॉर्म्युल्यात फक्त बाहेर चालणारे कलरंट आहेत ना, हे विचारा, मग जुळणी अर्ध्या घरानं मागे राहिली तरी चालेल. दुसरं, कार्बन ब्लॅक न दिसणारी अवरक्त उष्णताही शोषतो. प्लास्टिकच्या पट्ट्या, चौकटी अशानं वाकू शकतात. उष्णता परतवणारी काळी रंगद्रव्यं असलेले रंग मिळतात, पण ती रंगद्रव्यं वेगळी, तेव्हा प्रश्न १० परत डोकं वर काढतो. तिसरं, जुन्या भिंतीवर बोट फिरवून पाहा. खडूसारखी पूड आली तर तुम्ही पाहताय तो मूळ रंग नाही, त्यावरचं पांढरट आवरण आहे. कुठल्या वयाचा रंग जुळवायचा हे आधी ठरवा: आज दिसतो तो, की आडोशाला टिकून राहिलेला मूळचा.

चुन्याच्या रंगाशी इमल्शन जुळवायचा प्रयत्न सहसा फसतो. चुना ओला असताना गडद दिसतो, वाळताना बराच फिका होतो, आणि त्याच्या ढगाळ, हलत्या पोताला एक असा रंगच नसतो. मशीन त्याची सरासरी काढेल आणि भिंतीवर सपाट, निर्जीव राखाडी येईल. तिथे त्याच प्रकारचा रंग मिळवा, रंगद्रव्य तोलून टाका, आणि प्रत्येक चाचणीचा तुकडा दोन दिवस वाळू द्या.